कापडी नावाचा माणूस

‘कापडी’ म्हटले की आज डोळ्यांपुढे पिशवी येते. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली आणि हा शब्द भाजीबाजारापासून शाळेच्या सूचनाफलकापर्यंत सगळीकडे पोचला. पुढे करोनाच्या साथीत कापडी मास्क आले. विशेषण म्हणून शब्द चांगला रुळला आहे. पण हाच शब्द मराठीत पूर्वी नाम होता आणि तो माणसाला लावला जाई. कापडी म्हणजे तीर्थाला निघालेला. त्यातही गंगेचे पाणी कावडीत भरून दूरच्या देवाला, बहुधा रामेश्वराला, खांद्यावरून वाहून नेणारा. जुन्या कोशांत हा अर्थ अजून शाबूत आहे. बोलण्यातून मात्र तो पार गेला. ‘दारात कापडी आलाय’ असे आज कोणाला सांगितले, तर कापड विकणारा आला असेच तो समजेल.

शब्द मरतात. पायी रामेश्वराला जाणे थांबले तसा कावड नेणाऱ्याचा शब्दही थांबला, असे म्हणून सोडून देता येईल. मला ते सोडवत नाही, कारण त्याच्या जागी आपण जे शब्द आणले ते तीर्थाला जाणाऱ्या माणसाकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहतात. सरकारी आराखड्यांत तो ‘धार्मिक पर्यटक’ असतो. देवस्थानाच्या फलकांवर त्याचे दोन प्रकार होतात, सशुल्क दर्शनवाला आणि विनाशुल्क दर्शनवाला. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला 2026-27 चा सिंहस्थ भरतो आहे. त्यासाठी रस्ते, घाट, वाहनतळ यांच्या योजना चालल्या आहेत. अशा वेळी एका मेलेल्या शब्दाचा अर्थ लावणे हे केवळ कोशकाराचे काम राहत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की पैसे घेऊन एका यात्रेकरूला दुसऱ्याच्या पुढे सोडणे हे यात्रेच्या मूळ कल्पनेच्याच विरुद्ध आहे. व्यवस्थापनाची सोय म्हणून ते खपवले जाते. कापडी हा शब्द त्याला खपू देत नाही.

आधी शब्दाची कुळकथा. कापडी कापडावरून आला हे उघड आहे, पण ते कापड कसले? संस्कृतात ‘कर्पट’ म्हणजे चिंधी, जुनेर, ठिगळाचे वस्त्र. ते अंगावर घेणारा तो ‘कार्पटिक’. संस्कृतातून प्राकृतात येताना रफार गळतो आणि पुढचे व्यंजन दुणावते. मराठीत ते दुणावलेले व्यंजन पुन्हा एकेरी होते आणि आधीचा स्वर लांबतो. सर्प, सप्प, साप. कर्ण, कण्ण, कान. कर्म, कम्म, काम. तसेच कर्पट, कप्पड, कापड. ट चा ड होणेही नेहमीचेच, घोटकाचा घोडा झाला तसे. म्हणजे लग्नाचा बस्ता बांधायला आपण ज्या कापड दुकानात जातो, त्या कापडाचा मूळपुरुष चिंधी आहे. पुढे कापडाला प्रतिष्ठा आली. कापड्याच्या अंगावर मात्र चिंधीच राहिली.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कापटिक’ नावाचा हेर आहे, शिष्याच्या सोंगात वावरणारा. तो शब्द कपटावरून आलेला. कार्पटिक आणि कापटिक यांच्यात एका रफाराचे अंतर, आणि संस्कृत कोशांत या दोघांची सरमिसळ झालेली दिसते. एकाच कार्पटिक शब्दापुढे यात्रेकरू हाही अर्थ मिळतो आणि लबाड हाही. ही नुसती अक्षराची चूक असेल असे मला वाटत नाही. तीर्थाच्या वाटेवर सोंगे असणारच, कारण त्या वेषाला सहसा कोणी नाव-गाव विचारत नसे. आग्र्याहून निसटलेले शिवाजी महाराज बैराग्याच्या वेषात परत आले, अशी आपल्याकडे परंपरेने चालत आलेली कथा आहे. ती सगळ्यांना पटत आली याचे कारणच हे की गोसावी, बैरागी, कापडी हे रस्त्यावरचे नाव नसलेले लोक होते. ज्याला ओळख लपवायची तो हा वेष घेई, आणि ज्याला ओळख टाकायची तोही हाच वेष घेई.

कार्पटिकाचा आणखी एक अर्थ मला फार बोलका वाटतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात कार्पटिक पुन्हा पुन्हा भेटतो, पण तीर्थाच्या वाटेवर नाही, राजाच्या दारात. लक्षदत्त राजाच्या दाराशी लब्धदत्त नावाचा कार्पटिक अंगाला चामड्याचा तुकडा गुंडाळून रात्रंदिवस पडून असतो, कधीतरी राजाची नजर वळेल या आशेवर. म्हणजे चिंध्या पांघरलेला माणूस दोन दारांत उभा असे, राजाच्या आणि देवाच्या, आणि दोन्हीकडे त्याला एकच नाव होते. फरक दाराचा होता. राजाच्या दारात आत जायचे तर कृपा व्हावी लागे, ओळख लागे, वशिला लागे. देवाच्या दारात यातले काहीच लागू नये, म्हणून तर माणूस तिकडे निघे.

आणि निघताना काय करावे हे सांगितलेले आहे. वायुपुराणातल्या गयामाहात्म्यात गयेला निघणाऱ्यासाठी विधी दिला आहे: ‘विधाय कार्पटीवेषं कृत्वा ग्रामं प्रदक्षिणम्’. श्राद्ध करावे, कार्पटी वेष घ्यावा, आपल्याच गावाला प्रदक्षिणा घालावी, मग दुसऱ्या गावाला जाऊन श्राद्धाचे उरलेले अन्न खावे, आणि तिथून पुढे रोज चालावे, कोणाकडून दान न घेता. यातला क्रम लक्षात घ्यावा. आधी वेष बदलायचा आणि मग गावाला प्रदक्षिणा घालायची. म्हणजे कालपर्यंत ज्याला गावाने पागोट्यात पाहिले, त्याला आज त्याच गावाने चिंध्यांत पाहायचे. परमुलखात फाटके घालणे सोपे आहे, तिथे कोण ओळखते? इथे ते आपल्या वेशीच्या आत, आपल्या माणसांसमोर करायचे आहे. गावातला मान गावातच उतरवून ठेवायचा आणि मग पाऊल बाहेर टाकायचे.

पुढच्या निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ लिहिणाऱ्यांनी, या वेषाचा खुलासा करताना तांब्याची अंगठी, तांब्याचे कडे आणि काषाय वस्त्र अशी व्याख्या केली. चिंधीचा गणवेश झाला. धर्माच्या इतिहासात असे होतच राहते, त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. पण शब्दाने मूळची चिंधी सोडली नाही, आणि लोकांच्या चालीरीतीनेही ती सोडली नव्हती.

हे मी माझ्या आजीवरून सांगतो. ती काशीला गेली तेव्हा मी पोटातही नव्हतो. पण ती गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली की मी तिथे होतो असे वाटावे. आजीच्या पेटीत दोन बरी लुगडी होती. ती तिने जावेच्या हवाली केली आणि शेतात नेसायची दोन जुनेरी बांधून घेतली. आजोबा म्हणाले, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, “देवाकडे जायचंय, लग्नाला नाही.” गयामाहात्म्याचे नावही तिने ऐकले नसणार. परत आल्यावर मावंदे झाले, गाव जेवले, आणि देवघरात तांब्याचा एक गडू आला, तोंडाला डाख देऊन बंद केलेला. त्यात गंगा होती. ती तिच्या शेवटच्या घोटासाठी. पण गल्लीत एका म्हाताऱ्याला घरघर लागली आणि त्यांच्या घरात गंगा नव्हती, तेव्हा आजीनेच गडूचा डाख काढायला लावला. तिच्या वेळी आम्ही नळाच्या पाण्यात तुळशीचे पान टाकले.

‘गंगाजळी’ हा शब्दही याच घरातला. गंगेचे पाणी ठेवायचे भांडे ते गंगाजळी. पुढे तो साठवून ठेवलेल्या पैशाला लागला आणि आता वर्तमानपत्रात परकीय चलनाची गंगाजळी दर आठवड्याला वाढते किंवा घटते. कापडी मेला आणि त्याचे भांडे तिजोरी झाले. या दोन शब्दांची वाट अशी फुटलेली पाहिली की मला खरोखर वाईट वाटते.

कापडी जे पाणी वाही ते स्वतःसाठी नसे, ही गोष्टही शब्दाच्या पोटात आहे. म्हणून एकनाथांची कथा महाराष्ट्राच्या मनात इतकी खोल बसली. काशीहून गंगेची कावड घेऊन नाथ रामेश्वराला निघालेले, वाटेत तापल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव दिसते, आणि ते गंगाजल त्याच्या तोंडात ओततात. लहानपणी आपण ही गोष्ट भूतदयेची म्हणून शिकतो. ती कापड्याची गोष्ट म्हणून वाचली तर तिचा भार वाढतो. कापड्याचे सगळे पुण्य त्या दोन घागरींत आहे, शेकडो कोसांचे चालणे त्यांत आहे, आणि तेच तो रस्त्यावर रिकामे करतो.

कच्छमध्ये हा शब्द अजून जिवंत आहे. तिथे कापडी हा एक पंथच आहे. माता नो मढच्या आशापुरा देवस्थानाची परंपरा कापड्यांकडे आहे. अठराव्या शतकातले मेकण दादा याच पंथाचे, भुजपासून काही अंतरावर ध्रंगला त्यांची समाधी आहे. लोक सांगतात, त्यांच्याकडे लालियो नावाचे गाढव आणि मोतियो नावाचा कुत्रा होता. गाढवाच्या पाठीवर पाणी आणि रोटले लादून दोघांना कच्छच्या रणात, त्या खाऱ्या वाळवंटात, सोडले जाई. वाट चुकलेल्या माणसाला कुत्रा हुंगून काढी आणि गाढव पाणी पोचवी. आपल्याकडे कापडी गाढवाला पाणी पाजतो, तिकडे कापड्याचे गाढव माणसाला पाणी पाजते. दोन्ही कथा एकमेकींना ओळखत नसतील, पण कापडी म्हणजे काय याबद्दल त्यांच्यात मतभेद नाही.

आता प्रश्न पैशाचा. तीर्थाला जाणे हे पैसेवाल्याचे काम नाही, हे महाभारताने इतक्या स्पष्टपणे सांगितले आहे की त्यावर भाष्य लागू नये. वनपर्वातल्या तीर्थयात्रापर्वात म्हटले आहे की ऋषींनी यज्ञ सांगितले, पण यज्ञाला साहित्य लागते, साधने लागतात. दरिद्री माणसाला ते जमत नाही. राजे करतात, क्वचित श्रीमंत करतात. मग जे दरिद्री माणसालाही जमेल आणि यज्ञाच्या तोडीचे असेल असे काय? तर तीर्थाला जाणे. ते यज्ञाहूनही वरचढ आहे. तीर्थयात्रेची ही व्याख्याच गरिबाला धरून केलेली आहे. मत्स्यपुराण याहून पुढे जाते: जो ऐश्वर्यामुळे, लोभाने किंवा मोहाने वाहनात बसून तीर्थाला जातो त्याचे तीर्थ निष्फळ होते. यातला ‘ऐश्वर्यामुळे’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. गुडघे दुखणाऱ्याने एसटीत बसू नये असे पुराण म्हणत नाही. ऐपत दाखवत जाऊ नये असे म्हणते.

हे धरून पाहिले तर सशुल्क दर्शन म्हणजे काय होते? तीर्थाला पुन्हा यज्ञ करून टाकणे. ज्याच्याकडे साहित्य आहे त्याचे आधी.

तीर्थाच्या दारात पैसे मागण्याचा वाद आजचा नाही. गुजरातचा चालुक्य राजा सिद्धराज जयसिंह याच्या काळात, बाराव्या शतकाच्या आसपास, सोमनाथला जाणाऱ्यांकडून बहुलोडा येथे कर घेतला जाई. मेरुतुंगाने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या प्रबंधचिंतामणीत त्याची कथा आहे. सिद्धराजाची आई मयणल्लादेवी सोमनाथला निघाली. ती मूळची गोव्याच्या कदंब घराण्यातली, जयकेशी राजाची मुलगी. कर भरायला पैसे नाहीत म्हणून रडत माघारी फिरणारे यात्रेकरू तिला वाटेत भेटले, आणि तीही माघारी फिरली. मुलाने विचारले तेव्हा हा कर जाईल तेव्हाच मी जाईन, असे तिने सांगितले. करापासूनचे उत्पन्न मेरुतुंग 72 लाख देतो. आकडा कथेतला आहे, तो तसाच घ्यावा. सिद्धराजाने तो कर कायमचा सोडला. या कथेत मला राजापेक्षा राणी मोठी वाटते. तिला कोणी अडवले नव्हते. तिच्यासाठी वाट मोकळीच होती, आणि तरी इतरांना अडवलेल्या वाटेने देवाकडे जायला तिचे पाय वळले नाहीत.

पुढे अकबराने 1563 मध्ये यात्राकर उठवला. नंतर तो पुन्हा आला. प्रयाग, गया आणि पुरी इथे तो ईस्ट इंडिया कंपनीही घेत असे आणि 1840 च्या कायद्याने तो बंद झाला. राजे आणि परके राज्यकर्ते यांना जे सोडावे लागले, ते आज देवस्थाने स्वतःहून लावत आहेत. तिरुमलाला विशेष प्रवेश दर्शनाला 300 रुपये, त्र्यंबकेश्वरला 200 रुपये. सक्ती नाही, ज्याला हवे त्याने घ्यावे, असे यावर म्हटले जाते. पण रांग एकच देव बघणार आहे आणि वेळही एकच आहे. एका बाजूने शंभर माणसे आत सोडली तर दुसऱ्या बाजूची शंभर थांबतातच. एकाने भरलेले पैसे दुसऱ्याच्या पायांतून वसूल होतात.

दोन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या देवस्थानात विनाशुल्क रांगेत होतो. माझ्यापुढे बीड जिल्ह्यातले एक जोडपे होते, साठीच्या पुढचे, पायी आलेले. बाईंच्या टाचेला फोड होते आणि त्यांनी त्यावर कांद्याची पात बांधली होती. चार तासांनंतर आम्ही एका वळणावर आलो, जिथे दोन रांगांमध्ये फक्त लोखंडी कठडा होता. पलीकडून माणसे सरसर चालत जात होती. बाईंनी कठड्याला हात लावून मला विचारले, “दादा, त्यांचा देव दुसराय का?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच वाटले होते की पलीकडे कोणते तरी वेगळे देऊळ असेल. मी त्यांना उत्तर दिले नाही. ते तेव्हा मला देता आले नाही, म्हणून हे सगळे लिहितो आहे.

याच्या विरुद्ध जे म्हटले जाते त्यातले काही खरे आहे आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही. देवस्थान चालवायला पैसा लागतो. अन्नछत्र, झाडलोट, पाणी, रुग्णवाहिका, शेकडो नोकर. खरे आहे. पण त्यासाठी रांग विकावी लागते हे खरे नाही. अमृतसरच्या हरमंदिर साहिबमध्ये दर्शनाला तिकीट नाही आणि लंगर अखंड चालतो. तो भाविकांच्या इच्छेने दिलेल्या दानावर आणि हाताच्या सेवेवर चालतो. शेगावात हजारो सेवेकरी पाळीपाळीने येऊन राबतात, तेव्हा तिथली स्वच्छता उभी राहते. आपल्या परंपरेत श्रीमंताच्या पैशाला तीर्थात मोठी जागा होतीच. अहिल्याबाई होळकरांनी काशीचे विश्वनाथ मंदिर उभारले, गयेचे विष्णुपद मंदिर बांधले, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, दूरदूरच्या देवळांना कावडीने गंगेचे पाणी जावे अशी सोय लावली. त्यांचा पैसा यात्रेकरूच्या पायाखाली होता, डोक्यावरच्या छपरात होता, घोटभर पाण्यात होता. पैशाची तीर्थातली जागा ती. यात्रेकरूला कोपराने मागे सारणे हे त्याचे काम कधीच नव्हते.

वृद्ध, अपंग, गरोदर बाया, तान्ही मुले यांची रांग वेगळी असावी, याबद्दल दुमत असू नये. ती सवलत शरीराच्या गरजेची आहे आणि फुकट आहे. सशुल्क रांगेचे समर्थन करताना म्हाताऱ्यांना पुढे केले जाते तेव्हा मात्र मला चीड येते. गरीब म्हाताऱ्याचे गुडघे कमी दुखतात का?

सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय गेला होता. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका फेटाळली. देवळात कोणाला खास वागणूक नसावी असे आमचे मत असू शकते, पण आम्ही तसे आदेश देऊ शकत नाही, हा समाजाने आणि देवस्थानांनी ठरवायचा विषय आहे, असा त्या निर्णयाचा रोख होता. मला हे योग्य वाटते. न्यायालयाने चेंडू आपल्या अंगणात टाकला आहे, आणि आपण तो उचललेला नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो मी स्वतःच घेतो. कापड्याच्या चिंध्या घातल्या म्हणजे सगळे सारखे, हे कधी खरे होते? चोखोबांनी कोणता वेष घातला असता म्हणजे त्यांना पंढरीच्या देवळात घेतले असते? त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. साने गुरुजींना 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले आणि दहा दिवसांनी ते सुटले, तेव्हा कुठे दलितांना ते दार उघडले. पागोटे वेशीवर ठेवता येत होते, जात ठेवता येत नव्हती. जो समता बोलतो त्याच शब्दाच्या सावलीत शतकानुशतके ही विषमता नांदली. म्हणून जुने ते सोने असे मला म्हणायचेच नाही. गयामाहात्म्याचा विधी आज जसाच्या तसा कोणी करावा असेही नाही. मला एवढेच दिसते की शब्दाने दिलेले वचन पाळायला आपल्याला 1947 पर्यंत थांबावे लागले, आणि ते अर्धेमुर्धे पाळले जाते न जाते तोच आपण त्याच दारात पैशाची नवी पायरी घातली. चोखोबांना अडवणाऱ्यांनी शास्त्र पुढे केले होते. आजच्या अडवण्याला शास्त्राचाही आधार नाही. शास्त्र उलट बाजूचे आहे.

वाट सापडायची तर ती दूर नाही. वारीत आजही ती दिसते. वारकरी हा शब्द कापडीपेक्षा वेगळ्या मुळाचा. वार म्हणजे खेप, पाळी, ‘वारंवार’ मधला वार, आणि पुन्हा पुन्हा खेप करणारा तो वारकरी. त्याच्या नावात चिंधी नाही, नेम आहे. पण कापड्याने वेशाने जे साधायचे ते वारकऱ्याने वागण्याने साधले. भेटला की वयाने लहान असो मोठा असो, आधी तो तुमच्या पायाला हात लावतो आणि तुम्ही त्याच्या. सगळ्यांना एकच हाक, माउली. पोलिसालाही माउली, पाणी देणाऱ्या पोरालाही माउली. चैत्रात सासवडकडून शिखर शिंगणापूरला जाणारी तेल्या भुत्याची कावड मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून वर चढवतात, तेव्हा माणसांची साखळी धरून ती हातोहात वर जाते. त्या साखळीत मधे घुसायला कोणी पैसे देऊ शकत नाही, कारण तिथे पुढे जाणे म्हणजे दुसऱ्याचा हात धरणेच असते.

सिंहस्थाच्या तयारीत ही नजर हवी. नाशिकने 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 माणसे गमावली आहेत. गर्दीचे गांभीर्य त्या शहराला कोणी शिकवायला नको. पण आराखडा कोणासाठी काढायचा, यावर सगळे ठरते. पर्यटक डोळ्यांपुढे ठेवला तर हॉटेले, हेलिपॅड, वातानुकूलित प्रतीक्षागृहे आणि सशुल्क दर्शनाचे संगणकीकरण आधी सुचते. कापडी डोळ्यांपुढे ठेवला तर आधी सुचतात ते चालायचे रस्ते आणि त्यांवरची सावली, अर्ध्या-अर्ध्या कोसावर पिण्याचे पाणी, बायांसाठी दार लागणारी आणि पाणी असलेली संडासे, रात्री पाठ टेकायला कोरडी जागा, आणि हरवलेल्या म्हाताऱ्याला त्याच्या गावच्या माणसांपर्यंत पोचवणारे केंद्र. दोन्ही कामे करता येतील असे कोणी म्हणेल. येतील, पण पैसा आणि जागा मोजक्या असतात, आणि आधी कोण हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे आणि तिला पैसा लागत नाही. सिंहस्थाच्या काळात त्र्यंबकेश्वरला आणि नाशिकच्या देवळांत कोणतेही सशुल्क दर्शन असू नये, आणि मंत्री, अधिकारी, उद्योगपती, नट यांच्यासाठी वेगळे दार उघडू नये. एक रांग, आणि तिच्या शेजारी फक्त ज्यांना शरीर साथ देत नाही त्यांची दुसरी. देवस्थानाच्या विश्वस्तांनी हा ठराव पर्वणीच्या आधी करावा, आणि ज्या मान्यवरांना त्या दिवशी यायचे आहे त्यांनी, मयणल्लादेवीसारखे, तो होईपर्यंत आपल्या घरी थांबावे.